पश्चिमेकडे वाढणारी बुरशी

ज्योत्स्ना अमरावतीच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मी वर्तमानपत्रात आहे. आम्ही एका वर्गात होतो, म्हणून तिने मला बोलावलं. प्रश्न तिच्या वडिलांचा होता. धर्मपालकाका अकोल्याजवळच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यावर, चौकीदार होते. जिनिंग बंद पडलं, मालकाने त्यांना कामातून मोकळं केलं, तरी ते तिथून निघत नव्हते.

"गेटाबाहेर पाय टाकला का दम कोंडते माह्या," ते म्हणायचे.

एकदा आम्ही त्यांना अमरावतीला न्यायला बळजबरीने गाडीत बसवलं. मूर्तिजापूर येईपर्यंत ओठ निळे पडले. गाडी मागे वळवली, तसं त्यांनी पाणी मागितलं.

"पाह्यलं? आता डॉक्टरले काय दाखोता?"

ज्योत्स्नाचा अंदाज साधा होता. जुन्या कापसाची बुरशी छातीत गेली असावी. तिने पेट्री डिशवर, म्हणजे पोषक जेलीच्या उथळ बशीवर, त्यांना खोकायला लावलं. तुलनेसाठी दुसऱ्या बशीवर मला.

दोन्ही बशा तिने अमरावतीला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणून ठेवल्या. माझ्या बशीत जिवाणूंचे नेहमीचे पिवळसर ठिपके आले. काकांच्या बशीत पांढरा, मऊ थर.

"विषाणू असता तर जेलीवर वाढलाच नसता, त्याले जिवंत पेशी लागते," ती म्हणाली. "ही बुरशीच आहे. पण बुरशीचं नाव बीजाणू पाहून ठरवतात, आन् हिले बीजाणूच नाहीत. कोणत्या कप्प्यात टाकू हिले?"

थर गोल पसरायला हवा होता. तो एकाच बाजूला जात होता. तिने बशी फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी नवे तंतू वळून पुन्हा पश्चिमेला गेले होते. अकोल्याच्या दिशेला.

तिने बुरशी मारायचं ठरवलं. वाफेच्या दाबाने सगळं मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये बशी ठेवली, झाकण आवळलं. वाफ धरू लागली, तोच फोन वाजला. काकांचा. शब्द नव्हते, नुसती घरघर. मी बटण बंद केलं. तिने झाकण उघडून कोमट बशी बाहेर काढली.

घरघर हळूहळू थांबली.

"उन्हानं झालं असन," काका म्हणाले.

त्या दिवसापासून ज्योत्स्ना बुरशी जगवू लागली. जेली आटत आली की थोडे तंतू उचलून नव्या बशीत लावायची. मोर्शीला बहिणीचं लग्न होतं, तिथेही गेली नाही.

"मी तिकडं गेली आन् हे वाळलं तर? बाबाचं काय करू?"

मग एका सकाळी मी बशी नीट पाहिली. नवे तंतू पश्चिमेला नव्हते. ते तिच्या खुर्चीकडे होते. मी खुर्ची खिडकीशी सरकवली. ती दिवसभर तिथे बसली. दुसऱ्या दिवशी तंतू खिडकीकडे.

मी तिला दाखवलं. तिने बशीवर फडकं टाकलं.

परवा दुपारी काकांचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"माय, मी बडनेऱ्याले उतरलो. दम नाही का काही नाही. घ्याले येतं का?"

याच फोनसाठी तिने हे सगळं केलं होतं. ती हसली. ओढणी सारखी केली, गाडीची चावी घेतली, दाराशी गेली.

तिथेच थांबली.

तिच्या ओठांचा निळा रंग मला दिसला.

ती परत आली, खुर्चीत बसली. श्वास जागेवर आला.

"ऑटो करून घरी जा, बाबा," ती म्हणाली. "मले काम आहे."

चावी तिच्या हातातून खाली पडली होती. मी उचलायला वाकलो. टेबलाखाली गादी घातलेली होती, आणि उशीवर डोक्याचा खोल ठसा होता.