पिकू द्या, मग सांगतो

पाटोद्याच्या बाजारात रोपांच्या गाड्यापाशी स्वप्ना थबकली. पिशवीतून एक डहाळी काढून तिनं पुढं धरली. लांबट, चकचकीत पानं... आणि त्यांत लपलेलं एक हिरवं, टोकदार फळ.

"हे कशाचं झाड हाय, सांगता का?"

रोपवाल्या तरुणानं डहाळी उलटसुलट केली, पान चुरगाळून हुंगलं... आणि मग तिच्याकडंच बघत राहिला.

"फळ तुमच्या हातात हाय," ती म्हणाली. "तिकडं बघा की!"

"बघतोय... पण न्हाई कळत," तो हसला. "झाडच बघावं लागंल. गाव कोणतं तुमचं?"

त्याचं नाव धर्मराज. कडा गावाजवळ त्याची रोपवाटिका होती. चार दिवसांत तो मोटारसायकलवरून शेतावर हजर!

झाड विहिरीजवळच्या बांधावर होतं. स्वप्नाची आई, साखराबाई, ऊसतोडीला कर्नाटकात गेली होती, तेव्हा तिथं कुणीतरी तिला ते फळ खायला दिलं होतं. त्याची बी तिनं पदराला बांधून आणली. नाव तिलाही ठाऊक नव्हतं. 'लागल्यावर खाऊन बघ, मग कळंल तुला,' एवढंच म्हणायची. पण फळ धरायच्या आधीच ती तापानं गेली. झाड यंदा पहिल्यांदाच लागलं होतं.

सांगता सांगता स्वप्नानं डोळे पुसले. धर्मराजनं विहिरीतून घागरभर पाणी शेंदलं आणि झाडाच्या आळ्यात ओतलं. त्या क्षणापासून स्वप्नाला तो परका वाटेनासा झाला.

मग तो येतच राहिला. कधी फुलाचा फोटो राहिलेला असायचा, कधी सालीचा.

"तुमी झाडाचे डाक्टर का झाडाचे सोयरे?"

"सोयरा व्हायला आवडंल की... पण झाडाचा न्हाई."

स्वप्नानं मान वळवली. हसू मात्र लपलं नाही.

"पण नाव?"

"फळ पिकू द्या, मग सांगतो."

भादव्यात एका दुपारी त्याच बांधापाशी दोन शेळ्या फेस येऊन पडल्या, त्या उठल्याच नाहीत. जवळच झाडाची दोन-चार कच्ची फळं पडली होती. स्वप्नाचे वडील मुंजाजी ती हातात घेऊन उभे राहिले.

"पोरी, हे इख तर न्हाई?"

स्वप्नानं फोन लावला. "अहो, आबा इचारतेत... काय नाव हाय त्याचं?"

पलीकडून हसू ऐकू आलं. "पिकू द्या, मग—" आणि रेंज गेली. फोन पुन्हा लागलाच नाही.

"माज्या साखरानं लावलेलं हाय, मला कळत न्हाई का?" कुऱ्हाड उचलताना मुंजाजी म्हणाले. "पण बांधावर लेकरं खेळतेत, पोरी..." झाड तोडताना ते स्वतःच रडत होते.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोवळ्या ज्वारीत विष असतं, ती खाऊन शेळ्या गेल्या.

चार दिवसांनी धर्मराज आला तो नवा सदरा घालून. बांध चढला... आणि आडवं पडलेलं झाड बघून जागीच थिजला. काय झालं ते स्वप्नानं त्याला सांगितलं. त्यानं आडव्या फांदीवरचं एक फळ हातात घेतलं.

"एगफ्रूट," तो कसंबसं म्हणाला. "एगफ्रूट म्हणतेत त्याला. इख न्हाई..."

"कवा कळलं?"

"...दुसऱ्या खेपेलाच."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"नाव सांगितल्यावर यायला कारण काय उरलं असतं? आज सांगणार होतो, स्वप्ना. नाव बी... अन् माज्या मनातलं बी."

सुकल्या पानांवरून वारं खसखसत गेलं.

"कसं लागतं खायला?" तिनं विचारलं.

"उकडलेल्या रताळ्यासारखं... आत पिवळाजर्द गर. लई गोड."

तिनं डोळे मिटले. परमुलखातल्या उसाच्या फडात, दमूनभागून बसलेली आई... तोंडात तो गोडवा...

"तवाच नाव सांगितलं असतं ना," ती डोळे न उघडता म्हणाली, "तरी मी तुमाला बोलावलंच असतं. कायतरी कारण काढून."

"स्वप्ना, मी—"

"आता नका येऊ. तुमी समोर आलात की मला ही कुऱ्हाडच ऐकू यायची... जावा."

तो गेला. मोटारसायकलीचा आवाज चढावापलीकडं पार विरला, तेव्हा कुठं तिच्या ओठांतून त्याचं नाव निघालं. पहिल्यांदाच... आणि ऐकायला बांधावर कुणी नव्हतं.