फोनमागची मटकी

टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते.

संघप्रियानं पर्स खुर्चीवर ठेवली, नजर खाली गेली आणि तिच्या काळजात धस्स झालं. तिच्याच टेबलाखाली पुरुषाचे दोन पाय... मोजे घातलेले! बूट बाजूला शिस्तीत काढून ठेवलेले. सकाळच्या रिकाम्या ऑफिसात असलं काही बघायची तिला सवय नव्हती. ओरडायला तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात पाय हलले. मागोमाग चुरगळलेला शर्ट आला, मग जळमटं अडकलेलं एक डोकं, आणि सगळ्यात शेवटी एक हात. त्या हातात ओल्या फडक्याचं गाठोडं होतं.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं. तो तिच्याहून जास्त घाबरलेला होता.

"मटकी," संघप्रिया म्हणाली.

"तार ओढली तर फोनच्या मागनं... मटकी?"

"उद्या आम्हा बायकांची मिसळ आहे डब्याला. मोड आल्यात का बघा की आधी! आणि मग सांगा, तुम्ही कोण?"

तो प्रसेनजीत. मूळचा आजऱ्याचा, शिकलेला इंजिनिअर, आणि ज्या कंपनीनं हे फोन बसवले तिचा माणूस. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या ओतकामाच्या कारखान्यात त्याला का पाठवलं होतं, हे संघप्रियाला सांगायची गरजच नव्हती. ती इथली टेलिफोन ऑपरेटर. मालक गणपतरावांची बोंबाबोंब रोज सगळ्यांत आधी तिच्याच कानावर पडायची.

झालं होतं असं. गेल्या दिवाळीत गणपतरावांनी जुने फोन काढून इंटरनेटवर चालणारे नवे फोन आणले. टेबलाटेबलावर निळा पडदा चमकायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब हौसेनं ते दाखवायचे. पण जुन्या फोनला वीज लागत नसे, तारेतूनच त्याचं भागायचं. हे नवे लाडोबा मात्र वीज पिऊन जगणारे! दुपारी लोडशेडिंग सुरू झालं की सगळे बॅटरीवर यायचे, आणि अर्ध्या वाटेत बॅटरी मान टाकायची. परवा जर्मनीच्या गिऱ्हाइकाशी बोलताना फोन मेला, तेव्हा साहेबांचा आवाज पार भट्टीपर्यंत गेला होता.

"फोनची वीज कमी करायला आलोय," प्रसेनजीत म्हणाला. "पण ही मटकी हितंच का?"

"थंडीत आमच्या हातकणंगल्याला मोडच येईनात. ही माझी पेटी चोवीस तास गरम. संध्याकाळी ठेवायची, सकाळी न्यायची."

पेटी म्हणजे तिचा मोठा फोन, बाजूला दिव्यांच्या रांगा असलेला. प्रसेनजीतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग गाठोडं उघडलं. बोटाच्या पेरभर पांढरेशुभ्र मोड! त्याचे डोळे विस्फारले, आणि मोडांवरून सरकत ते संघप्रियाच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. जरा जास्तच वेळ थांबले.

"काय झालं?" तिनं विचारलं. गाल का तापले, हे तिला कळलं नाही.

"काय न्हाय... मॅडम, तुम्ही लई हुशार हाय."

त्यानंतर हा माणूस तिच्या टेबलाभोवतीच घुटमळायला लागला. कधी तारा तपासायच्या म्हणून, कधी नुसतंच. मिसळ खाऊन डोळ्यांतून धारा लागल्या तरी "तिखट न्हाय काय!" म्हणून हटून बसला. आजऱ्याहून काजू आणले आणि "जास्त झालते घरात" अशी थाप मारली. संघप्रियाला तो आवडायला लागला होता. इतका, की सकाळी एस.टी.तून उतरल्यावर तिची पावलं आपोआप भराभर पडायची, आणि मग तिची तिलाच लाज वाटायची.

एके दिवशी तो वैतागून आला. "साहेबांना विजेचे वॅट सांगायला गेलं की जांभया देत्यात. वापर नसंल तवा फोन झोपवायचे... पडदा बंद, दिवे बंद. घंटी आली की जागे. पण साहेब म्हणत्यात, नुसता बसलेला फोन काय खातोय?"

"मग दाखवा की खाल्लेलं."

"कसं?"

संघप्रिया हसली. "मटकी बांधून."

तो बघतच राहिला. मग इतक्या जोरात हसला, की चहा देणाऱ्या चिमणाबाईंच्या हातातली किटली हिंदकळली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर दोघांनी मिळून गाठोडी बांधली. मीटिंगची खोली, पाहुण्यांची केबिन, गोदाम, साहेबांचं टेबल... प्रत्येक फोनमागं एक. गाठ मारताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. ओल्या फडक्याचा गारवा, आणि मधेच त्या बोटांची ऊब.

"सोडा की," ती हळूच म्हणाली.

"गाठ... सुटंल," तो म्हणाला. बोटं काही त्यानं लगेच काढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस हादरलं. "साप! साप!" गणपतराव केबिनमधून किंचाळत बाहेर आले. फोनमागं हात गेला होता आणि काहीतरी ओलं, गिळगिळीत लागलं होतं! सगळा स्टाफ जमा झाला. प्रसेनजीतनं शांतपणे एकेक गाठोडं आणून टेबलावर उघडलं.

"साहेब, मीटिंगच्या खोलीत महिन्यात कुणी बसलेलं न्हाय. तरी तिथल्या फोननं रातभर मटकीला मोड आणल्यात. तुमच्या विजेवर."

गणपतरावांनी आ वासला. "आयला! म्हंजे माझ्या बॅटऱ्या मटकी खातीया?" ते एकेक गाठोडं चिमटीत धरून बघायला लागले. आता मात्र त्यांना सगळं कळत होतं. मोड मोजायला काही शाळा लागत नाही. "आन् हे सगळ्यात लांब मोड कुठलं?"

संघप्रियाचं हसू मावळलं. ते तिचं गाठोडं होतं.

"ऑपरेटरची पेटी," हिशेबनीस पिराजी चटकन बोलून गेला.

"मग काढा ती पेटी!" गणपतरावांनी टेबलावर हात आपटला. "नव्या फोनवर ज्याचा त्याला लावता येतोय. ऑपरेटर पायजे कशाला? पोरी, महिनाअखेरपर्यंत बघ बाई दुसरीकडं कुठं."

आपलीच कल्पना, आपलीच मटकी... आणि आपलीच नोकरी गेली? तिनं प्रसेनजीतकडं बघितलं. तो पांढराफटक पडला होता.

"साहेब," तो पुढं झाला. "पेटी राहू द्या. माझं कामच रद्द करा. मी जातो."

"का पावणं? डोकं फिरलं काय?"

"ह्यांची नोकरी घालवून मला वीज वाचवायची न्हाय. मला... मला ह्या आवडत्यात."

कुणाच्या तरी हातून कप पडून फुटला. चिमणाबाईंनी तोंडाला पदर लावला. गणपतराव खुर्चीवर धपकन बसले. आणि संघप्रिया? तिला इतक्या थोड्या वेळात इतके धक्के बसले होते, की रडावं का हसावं हेच समजेना. म्हणून ती चिडली.

"मला विचारलंत? परस्पर नोकरी सोडवताय, परस्पर आवडताय! मी हितं उभी हाय की!" ती गणपतरावांकडं वळली. "आन् साहेब, तुम्हीबी ऐका. मी गेले तर बाहेरचा फोन कुणी घ्यायचा? सगळ्या टेबलांवर एकदम वाजंल. सगळे फोन दिवसभर जागे! मग कसले झोपवताय? पेटी काढा, मला साधा फोन द्या. मी एकटी जागी राहते. ज्याचं काम असंल त्यालाच उठवते."

प्रसेनजीतनं कपाळावर हात मारला. "खरं हाय साहेब... लई खरं हाय. हे माझ्या डोक्यातच आलं न्हाय."

"तुझ्या डोक्यात दुसरंच चाललंय," गणपतराव म्हणाले. "चला, दुपारी बघू. लाईट परत येईतो फोन टिकलं तर पोरीची नोकरी पक्की. न्हाय टिकलं तर दोघंबी घरी!"

दुपारी पंखे थांबले. सगळ्या टेबलांवरचे निळे पडदे मालवलेले. फक्त संघप्रियाच्या साध्या फोनचा एक बारीक दिवा लुकलुकत होता. जर्मनीचा फोन आला. तिनं साहेबांचा फोन उठवला. पुण्याचा आला, तिनं गोदाम उठवलं. रोज बॅटरी मान टाकायची ती वेळ आली... आणि गेली. पंखे पुन्हा फिरले तेव्हा गणपतराव अजून जर्मनीशीच बोलत होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संघप्रिया मात्र खुर्चीत तशीच बसून राहिली. नोकरी राहिली होती. डोळे आता भरून आले.

प्रसेनजीत समोर आला. खांद्याला बॅग.

"निघालात?"

"काम संपलं. उद्यापासनं सांगलीला." तो बुटांकडं बघत होता. "सकाळी चुकलं माझं. असं चारचौघांत..."

"चुकलंच."

"मग मी... येऊ?"

ती फोनची तार नीट करत राहिली. दारापर्यंत जाऊन त्याची पावलं अडखळली, तेवढ्यात फोन वाजला. तिनं उचलला. केबिनमधून गणपतराव होते.

"पोरी, ते पावणं गेलं का हाय अजून? जरा विचार त्याला, ती व्हय म्हणाली का न्हाय?"

संघप्रियानं दाराकडं बघितलं. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की साहेबांनाही ऐकू जाईल असं तिला वाटलं.

"व्हय म्हणाली, साहेब," ती स्पष्ट आवाजात बोलली. "रविवारी हातकणंगल्याला घरी यायला सांगितलंय. आईशी बोलायला."

दारात बॅग खाली पडली.