ऑर्डेलच्या पाद्र्याची रोजनिशी

"माझ्या आजीने कचेरी जाळली, असं छापून आलंय," सिग्ने नीक्विस्ट म्हणाली. "शुक्रवारी शाळेची समिती बसतेय. मला काढून टाकतील."

सिग्ने ऑर्डेल गावची मास्तरीण. वर्तमानपत्राचं कात्रण तिने ओमाहा शहरात जुन्या कागदांची पारख करणाऱ्या हेस्टर लोमसमोर ठेवलं. १८८० साली काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, कचेरी जळाली आणि जमिनींची दफ्तरं राख झाली. त्या वेळच्या पाद्र्याची रोजनिशी म्हणे आता सापडली होती आणि तिच्यात आग लावणारी म्हणून हेल्गा नीक्विस्टचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी हेस्टर ओमाहाहून निघाली. गाडी तिचा दीर ओटिस चालवत होता. ऑर्डेलच्या दोन-अडीच मैल अलीकडे मक्याच्या शेतात दफनभूमी दिसली. शेजारी दगडी पायऱ्या होत्या, पण वर इमारत नव्हती.

"इथे कुणी राहत नाही, मग मेले कोण?" ओटिस म्हणाला.

"तुम्ही विनोद करता आणि उत्तराची वाट बघत नाही, भाऊजी," हेस्टर म्हणाली आणि उतरून थडग्यांवरचे सन वाचत बसली. सगळ्यात जुनं १८७३ चं होतं.

गावात लोवेल पिकेटने त्यांना चर्चच्या दारातच गाठलं. समितीचा अध्यक्ष तोच, आणि रोजनिशीत कौतुक होतं ते त्याच्या आजोबांचं.

"रेल्वे आली सत्त्याऐंशी साली, पण गावाला वळसा घालून," तो अभिमानाने म्हणाला. "आजोबांनी चाळीस बैल जुंपले आणि हे चर्च अख्खं ओढत रुळांपाशी आणलं. मागोमाग घरंही आली."

"रोजनिशी वाचलीत?"

"आजोबांची पानं वाचली ना."

वर्तमानपत्राचा संपादक बर्डेट मोकळ्या स्वभावाचा वाटला. त्याने कॉफी दिली, वहीही दिली.

"छापखान्याच्या माळ्यावर मिळाली. आठ वर्षांपूर्वी ओहायोहून आलो, तेव्हापासून हा कचरा उपसतोय. आता शेजारच्या काउंटीतही आमचा अंक वाचतात."

"वही अजून कुणी चाळलीय?"

"पिकेटना त्यांच्या आजोबांची पानं दाखवली, तेवढंच. बाकी क्रमाक्रमाने छापणार आहे."

ओटिसने मोठ्याने वाचलं, "जानेवारी १८७९. प्रार्थना संपली. म्हाताऱ्या रूडची शवपेटी घेऊन चर्चपासून दफनभूमीपर्यंत तासभर चाललो. बोटं गारठली." त्याला वाईट वाटलं. "बिचारा पाद्री. खरंच सोसलंय त्याने, वहिनी."

हेस्टरने वही मिटली आणि म्हणाली, "सगळ्यांना शाळेत बोलवा."

मुलं घरी गेल्यावर चौघं बाकांवर दाटीवाटीने बसले. हेस्टर फळ्यापाशी उभी राहिली.

"पिकेट, सत्त्याऐंशीपूर्वी चर्च कुठे होतं?"

"जुन्या गावात. दफनभूमीच्या कुंपणाला लागून. पायऱ्या आहेत अजून."

"मग एकोणऐंशी साली पाद्री तासभर कुठे चालला?"

ओटिसला आधी काहीच कळेना. मग त्या बिनइमारतीच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आल्या आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"हे लिहिणाऱ्याने आजचं गाव पाहून लिहिलं," हेस्टर म्हणाली. "पिकेट ही चूक करणार नाहीत, बैलांची गोष्ट त्यांना पाठ आहे. गाव हललं हे माहीत नसलेला इथे एकच माणूस आहे. तो आठ वर्षांपूर्वी आलाय, आणि वही त्याच्याच माळ्यावर सापडली."

बर्डेटने हेस्टरकडून वही परत घेतली.

"गाव हललंय हे मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "कुणाचं वाईट करायचं नव्हतं. इथे काही घडतच नाही हो."

"उद्याच्या अंकात हे घडलेलं छापा," हेस्टर म्हणाली. "पहिल्या पानावर."

सिग्ने उठली नाही. "म्हणजे आजी निर्दोष होती?"

"ते मला माहीत नाही. हा साक्षीदार खोटा आहे, एवढंच सांगते. कचेरी कुणी जाळली ते अजून कुणाला ठाऊक नाही."

पिकेटने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आजोबांच्या खऱ्या पत्रांची पेटी माझ्या घरी आहे," तो सिग्नेकडे न बघता म्हणाला. "मी कधी उघडली नाही. काय निघेल, धास्तीच वाटायची."

सिग्नेने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"उद्या शाळा सुटली की येते," ती म्हणाली. "आपण दोघं मिळून उघडू."