बारावा ट्रे

अकरा ट्रे हिरवे आणि बारावा कोरा, असं का व्हावं? माती तीच, पाणी तेच, बीसुद्धा एकाच पुडीतलं. लाड तर बाराव्याचे सर्वांत जास्त झालेले, कारण त्याच्यावर साजिरीच्या नावाची पाटी होती.

अकरा वर्षांची साजिरी सुट्टीत शरयूआत्याच्या रोपवाटिकेत आली होती. आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. कोकणातल्या सड्यांवरून (उघड्या कातळाच्या पठारांवरून) उदिचिराईत नावाची वनस्पती नाहीशी होत चालली होती. पांढऱ्या पाकळ्यांना निळी टोकं असलेलं हे फूलझाड आत्या बियांपासून पुन्हा वाढवत होती. हाताशी होता गडू, कमरेएवढा यंत्रमानव, पेरणीत भलताच काटेकोर.

आत्याने बाराव्या ट्रेमध्ये बोट खुपसलं आणि तिचा चेहरा उतरला.

"यात बोटभर माती आहे वर. गडू, ही तू टाकलीस?"

"पेरणीच्या दिवसाची नोंद मी दाखवू शकत नाही," गडू म्हणाला.

"दाखवू शकत नाही म्हणजे? बिघडलाय हा. उद्या दुरुस्तीवाले येतायत, याची स्मृती पुसून कोरी करून घेते."

माती साजिरीनेच टाकली होती. शाळेत भोपळा लावून बक्षीस मिळवलेली मुलगी ती, तिला कोण शिकवणार? 'बी कधी उघडं ठेवतात का, वेड्या?' असं गडूलाच सुनावून तिने वर माती पसरली होती. आठ दिवसांनी शेजारचे ट्रे हिरवे झाले, तेव्हा मात्र त्याला बजावलं होतं, "कोणाला सांगू नकोस हं."

त्याने शब्द पाळला. आणि ती? ती दिवसभर खाली मान घालून झारी धूत बसली. स्मृती पुसली की गडू तिलाही विसरणार होता. तरी तोंड उघडेना. आत्या काय म्हणेल, एवढंच डोक्यात. स्वतःची इतकी लाज तिला कधीच वाटली नव्हती.

सकाळी दुरुस्तीवाल्यांची गाडी फाटकाशी थांबली. गडू निमूटपणे तिकडे निघाला. जाताना त्याने साजिरीची झारी भरून ठेवली, आणि तिला राहवेना.

"आत्या, माती मी टाकली. गडूला गप्प राहायला मीच सांगितलं होतं."

आत्याने आधी गाडी परत पाठवली. मग म्हणाली, "माती टाकलीस याचा राग नाही. याला जाऊ देणार होतीस, याचा आहे."

साजिरी रडली. आत्याने तिला रडू दिलं आणि मग तळहातावर उरलेलं बी घेतलं. खसखशीहूनही बारीक.

"भोपळ्याच्या बीत अन्नाचा साठा मोठा. माती फोडून वर येईपर्यंत तो पुरतो. या इवल्याशा बीकडे कितीसा असणार? म्हणून हे खोलवर रुजतच नाही. याच्यात प्रकाशग्राही रंगद्रव्य (उजेड ओळखणारा पदार्थ) असतं. उजेडातल्या तांबड्या किरणांनी ते जागं झालं की बीला कळतं, आपण वरच आहोत. मगच अंकुरण (कोंब फुटणं) सुरू होतं."

"मग माझं बी मेलं?"

"थोडं कुजलं असेल. बाकीचं सुप्तावस्थेत (झोपेत) असेल, उजेडाची वाट बघत."

तिघांनी बाराव्या ट्रेमधली माती चार ट्रेमध्ये अगदी पातळ पसरली. गडूने खालून पाणी दिलं, म्हणजे बी वाहून जायला नको.

"आता ती नोंद दाखवू?" त्याने साजिरीला विचारलं. तिने मान डोलावली. गडूने वाचलं: "साजिरीने बी उघडं राहू नये म्हणून माती घातली."

एवढंच. तिने त्याला वेडा म्हटलेलं त्यात नव्हतं. साजिरीला वर बघवेना.

"पुढे लिही," ती कशीबशी म्हणाली. "दोष गडूवर येऊ दिला."

त्याने लिहिलं.

सुट्टी संपायला तीन दिवस उरले असताना गडू तिला हाका मारत आला. ट्रेमध्ये टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके होते. साजिरीने दोनदा मोजले. एकोणतीस. पुढच्या पावसाळ्यात ही रोपं सड्यावर जाणार होती आणि लावायला तिने यायचं, असं आत्याने आधीच सांगून टाकलं होतं.

"नोंद करू?" गडूने विचारलं.

"कर. आणि आत्याला आत्ताच दाखव."