भिंगकाकांचा डावा हात

भिंगकाका जेवतानाही डोळ्यावरचं भिंग काढायला विसरत. "ताटात खडे शोधताय की माझ्या चुका?" असं बायको विचारायची, तेव्हा कुठे हात डोळ्याकडे जायचा. उंची स्विस घड्याळं उघडायची, पुसायची, तेल देऊन पुन्हा जुळवायची, एवढंच त्यांना येत होतं. दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

माणूस डावखुरा, आणि त्याच हाताला आता कंप सुटला होता. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरली की चिमट्याचं टोक थरथरायचं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. काकांनी हे फक्त बायकोला सांगितलं. हात गेला तर आपल्यात उरतं काय, या विचाराने ते रात्री उठून बसायचे.

एका दुपारी लोकरी स्वेटर घातलेली एक बाई दुकानात आली. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ तिने न उघडताच काउंटरवर सरकवलं.

"हे बंद करून द्या."

"बंद पडलंय?"

"नाही, चालतंय. मला ते बंद करून हवंय."

घड्याळ तिच्या नवऱ्याचं होतं. तो जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून ते ड्रॉवरमध्ये होतं आणि कधी थांबलंच नव्हतं, असं तिचं म्हणणं. काकांना हसू आलं. असल्या घड्याळाला मनगट लागतं. हात हलला की आतला अर्धगोल जड रोटर फिरतो आणि त्यातून स्प्रिंगला चावी बसते. हातातून काढून ठेवलं की दोन-तीन दिवसांत ते आपसूक झोपतं.

"हातात असलं तरच आतला रोटर फिरतो. घरातलं कुणीतरी घालत असेल."

"मी एकटीच असते काका. आतलं ते फिरणारं काढून टाका, बाकी काही नको." दाराशी जाऊन ती थांबली. "माणूस वाईट नव्हता हो. हात उचलायचे, तेवढंच."

काकांनी मागचं झाकण उघडलं आणि ते हरखूनच गेले. चाकं धरून ठेवणाऱ्या पुलांच्या कडा हाताने घासून आरशासारख्या केलेल्या, त्यावर सरळ रेघांची नक्षी, तापवून निळे केलेले स्क्रू, माणकांच्या लालबुंद बैठका, आणि मधे बॅलन्सचं चक्र श्वास घेतल्यासारखं हलत होतं. कुणा कारागिराने आतल्या, कधीच न दिसणाऱ्या बाजूलाही तेवढीच नक्षी काढली होती. असल्या यंत्रातला सोन्याचा रोटर काढून फेकायचा? काकांचा हात धजेना.

ते बघत असतानाच रोटर हलला.

घड्याळ टेबलावर पालथं, स्थिर पडलं होतं. रोटर अर्धा वळला, क्षणभर थांबला आणि हळूच परत आला. कुणी पेला उचलून तोंडाला लावावा आणि खाली ठेवावा, तसा. काकांनी टेबल हलवून पाहिलं, रस्त्यावर एखादं अवजड वाहन गेलं का पाहिलं. नव्हतं गेलं. "भिंगच खराब झालंय," ते मोठ्याने म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

दुरुस्त केलेलं घड्याळ चार दिवस स्वतःच्या मनगटावर बांधून पाहायची त्यांची पद्धत होती. यात दुरुस्त काहीच केलं नव्हतं, तरी त्यांनी ते बांधलं. मोह, दुसरं काय.

हाताचा कंप थांबला.

घरी त्यांनी काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलला, थेंबही सांडला नाही. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. काकाही रडले. आठवडा झाला तरी ते घड्याळ मनगटावरून उतरलं नाही, आणि दुकानात साठलेली अवघड कामं झपाझप हातावेगळी झाली.

मग एका संध्याकाळी बायकोच्या हातून चमचा खाली पडला, आणि काकांचा डावा हात वर गेला. उघडा तळवा तिच्या गालाच्या रोखाने हवेत थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच मागे सरली.

"माशी होती गं," काका म्हणाले. त्यांनी हात घाईने खाली घेतला. तो जराही थरथरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईला बोलावून घेतलं. रोटर काढायचं तेव्हाही मन झालं नाही. कडेची चावी बाहेर ओढून ठेवली की काटे जागीच थांबतात, तेवढंच त्यांनी केलं.

"काढलंत ना ते?"

"काढलं."

तिने घड्याळ कानाशी धरून पाहिलं आणि लहान मुलीसारखी हसली. ती गेली. घड्याळ उतरवूनही हात स्थिरच राहिला होता. गंगेत घोडं न्हालं, असं काकांना वाटलं.

चार दिवसांनी, भर दुपारी, काम करता करता डाव्या हाताने चिमटा खाली ठेवला. काकांनी ठेवला नव्हता.

हात समोर हवेत गेला आणि कशावर तरी विसावला. समोर काहीच नव्हतं. तळव्याला मात्र लोकर लागत होती. लोकरीखाली एक किडकिडीत खांदा होता, आणि तो कापत होता.

काकांना हात मागे घेता येईना. उजव्या हाताने त्यांनी फोन टेबलावर ठेवून बाईचा नंबर लावला, स्पीकर चालू केला. पलीकडे घंटी वाजली. तळव्याखालचा खांदा दचकला.

"काका," ती कुजबुजली, "ड्रॉवरमधून आवाज येतोय. तुम्ही काढलं होतंत ना?"

काका फोनवर वाकले.

"नाही," ते म्हणाले. "नाही काढलं. माझं चुकलं."

"माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. वळून बघू?"

"नको!"

तळवा खांद्यावरून वर सरकू लागला. बोटांना केस लागले, मग मान. मानेतली नाडी त्यांना स्पष्ट जाणवली. बोटं आवळू लागली.

टेबलाला जडवलेला लोखंडी शिकंजा होता. काकांनी अंगाचा सगळा भार टाकून डावं मनगट त्याच्या जबड्यात ओढलं आणि दांडा फिरवला.

आणखी फिरवला.

आतून कट्‌ असा आवाज आला. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी ते दांडा फिरवत राहिले. हा हात पुन्हा कधी चिमटा धरणार नव्हता, हे त्यांना कळत होतं.

"सुटलं का?" ते ओरडले. "पोरी, सुटलं का?"

फोनमधून धापा टाकल्याचा आवाज आला.

"एक हात सुटला," ती म्हणाली.

काकांनी दांड्यावरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मूठ लोखंडावर घट्ट आवळलेली होती. तळव्याला लोखंड लागत नव्हतं. लोकर लागत होती.