एकही पाकीट कमी नव्हतं

सफाईच्या मावशींनी जुन्या बाईंना फाटकातच गाठलं. हातातला झाडू तसाच होता.

"बाई, लवकर चला! खाऊचं कपाट कुणीतरी पाडलंय. पाकिटं सगळी जमिनीवर!"

जुन्या बाई नुकत्याच शाळेच्या बसमधून उतरल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गणितात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला त्या रोज येत. मुलांबरोबर, बसनेच. ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांची. तिचं कव्हर फाटलं होतं, आणि बसकाकाने ते राखाडी कापडी पट्टीने चिकटवलं होतं. पट्टीचे सुटलेले दोरे बोटांत गुंडाळत बसायची बाईंना सवय लागली होती.

आज दोरे जास्तच गुंडाळले गेले, कारण बस उशिरा आली. कधी नव्हे ती.

"सुरूच होत नव्हती," बसकाका म्हणाला होता. एवढंच. त्याने बाईंच्याच हाताखाली पाढे पाठ केले होते. एकेकाळी वर्गात तोंड मिटायचं नाव नव्हतं. बायको गेल्यापासून मात्र शब्द मोजून खर्च करायचा.

शाळेच्या दर्शनी खोलीत गर्दी जमली होती. काचेचं उंच कपाट भिंतीपासून तिरकं सरकून समोरच्या बाकावर कलंडलं होतं. दाराच्या काचेला लांब तडा गेला होता. तडा उघडला होता तो जेमतेम दोन बोटांएवढा. कुलूप जागच्या जागी होतं. फळ्या तिरक्या होऊन दाराची एक बाजू वाकली होती आणि तिथून वेफर्सची, कुरकुरीत नळ्यांची, रंगीत गोळ्यांची पाकिटं घसरून जमिनीवर पसरली होती.

हे कपाट पूर्वी उपाहारगृहात असायचं. खाऊकाका त्यातूनच वेफर्स विकायचे. मग मुख्याध्यापिका बाईंनी ते सगळं बंद केलं आणि कपाटावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : 'वाईट द्या, चांगलं घ्या.' घरात पडून असलेलं पाकीट मुलांनी आणून द्यायचं. बदल्यात भाजलेले शेंगदाणे आणि मनुका भरलेली छोटी डबी मिळायची, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर टाळ्या. पाकिटावर मुलाची इयत्ता आणि हजेरी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ते कपाटात ठेवायचं. उद्या पालकांसमोर ती सगळी पाकिटं फोडून कचऱ्यात टाकली जाणार होती.

"हे खाऊकाकांचंच काम," मुख्याध्यापिका बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "वेफर्स बंद झाल्यापासून त्यांचा गल्ला निम्मा झालाय. उद्याचा कार्यक्रम उधळायचा असणार त्यांना."

"कशावरून?"

"किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्या टेबलात, दुसरी त्यांच्या गळ्यात. दुपारी समिती बसतेय. उद्यापासून येऊ नका, असं सांगणार आहोत त्यांना."

"काय काय गेलं?"

मुख्याध्यापिका बाई थोड्या अडखळल्या. "तेच तर कळत नाही. चौथीच्या मुलांनी दोनदा मोजलं. काल दोनशे बारा होती, आजही दोनशे बारा आहेत."

"म्हणजे चोर आला आणि काहीच न नेता गेला?"

"चोर कुठला? मोडतोड करायला आला होता."

जुन्या बाई कपाटाच्या मागे गेल्या. वाकायला त्रास होत होता, तरी वाकल्या. मागची फळी जुन्या स्क्रूंनी बसवलेली होती. सगळे स्क्रू धुळीने काळे पडले होते. खालच्या ओळीतल्या चारांची डोकी मात्र लखलखत होती, नुकतीच घासली गेल्यासारखी.

"दुपारपर्यंत मला वेळ द्या," त्या म्हणाल्या. "चूक सापडल्याशिवाय उत्तर खोडायचं नाही, हे मी मुलांना शिकवते. आपणही थोडं पाळू."

*

उपाहारगृहात खाऊकाका मक्याचे दाणे सोलत बसले होते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. ओट्यावर पेरूच्या फोडी कापून झाकून ठेवल्या होत्या.

"या बाई. शेवटचा मका खाऊन जा. उद्यापासून इथे कोण उकडणार आहे?"

"तुम्ही केलंत का?"

"पाडायचंच असतं तर पहिल्याच दिवशी पाडलं असतं. तेव्हा डोकं खरंच फिरलं होतं. म्हटलं, पोरं काय शेळ्या आहेत, गाजरं चघळायला?" दाण्यांकडे बघत ते हसले. "आता तीच कार्टी मक्यासाठी रांग मोडतात. कमाई घटली हे खरंय. पण परवा पहिलीतलं एक पोरगं म्हणालं, काका, तुमचा पेरू माझ्या आजीच्या पेरूपेक्षा गोड आहे. वेफर्स विकले तेव्हा असं कुणी म्हणालं नव्हतं."

"किल्ली?"

त्यांनी सदऱ्याच्या आतून दोरी ओढून दाखवली. "आंघोळीलाही काढत नाही."

"पाकिटं तुम्हीच घ्यायचात ना मुलांकडून? कुणाचं काही वेगळं आठवतं?"

"सगळी सारखीच. हां, एक खारूताईचं सोडून." खारूताई म्हणजे चौथीतली बसकाकाची मुलगी. मिळालेला खाऊ लगेच न खाता दप्तरात दडवते, म्हणून खाऊकाकांनीच ते नाव पाडलं होतं. "तिचं पाकीट अगदी विटलेलं. हवा जाऊन पोळीसारखं चपटं झालेलं. मी थट्टा केली, म्हटलं, हे काय तुझ्या पणजोबांनी आणलं होतं? तर पोरगी हसली नाही. एरवी किती खिदळते."

जुन्या बाईंनी मक्याचा एक दाणा तोंडात टाकला आणि त्या उठल्या.

दर्शनी खोलीत मुलं पाकिटं पुन्हा रचत होती. बाई जमिनीवरच बसल्या. एकेक पाकीट हातात घेत, चिठ्ठी वाचत, बाजूला ठेवत गेल्या. चिठ्ठ्या सगळ्या डिंकाने चिकटवलेल्या होत्या.

एक मात्र तशी नव्हती. ती एका बाजूने फाटलेली होती आणि वरून बारीक कापलेल्या राखाडी कापडी पट्टीने बसवलेली होती. पट्टीच्या कडेला दोरे सुटले होते.

इयत्ता चौथी. खारूताईचा क्रमांक.

पाकीट नवंकोरं होतं. हवेने टम्म फुगलेलं.

*

मधल्या सुट्टीत खारूताई वर्गात एकटीच सापडली. बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"तू दिलेलं पाकीट घरात कुठे होतं गं?"

"कपाटावर. अगदी वर."

"मग तुझा हात कसा पोचला?"

"स्टुलावर डबा ठेवला, डब्यावर मी."

"पडली असतीस म्हणजे! एवढा खटाटोप करून काढलंस, तर खावंसं नाही वाटलं?"

तिने मान हलवली. "ते खायचं नव्हतं."

"मग आणलंस कशाला?"

"इथे बदलून देतात ना, म्हणून."

"आणि बदल्यात मिळालेली डबी? ती तरी खाल्लीस की नाही, खारूताई?"

"नाही. घरी ठेवली."

"कुठे?"

"तिथेच. कपाटावर. पाकिटाच्या जागी."

बाईंनी तिच्या वेणीची सुटलेली रिबीन नीट बांधून दिली आणि त्या बाहेर आल्या.

*

दुपारी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत चौघं होते. खाऊकाका दाराशी उभे होते, हात पुसत. जुन्या बाईंनी बसकाकालाही बोलावून घेतलं होतं. तो खिडकीबाहेर, आपल्या बसकडे बघत होता.

"हे खाऊकाकांनी केलेलं नाही," जुन्या बाई म्हणाल्या. "ज्याच्या गळ्यात किल्ली आहे, तो कपाटाची पाठ कशाला उघडेल?"

"पाठ?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

"मागच्या फळीचे खालचे स्क्रू काढून परत बसवलेत. एवढ्या काळजीने काम करणाऱ्याला मोडतोड करायची नव्हती. काम झाल्यावर कपाट पुन्हा भिंतीला लावताना ते कलंडलं, एवढंच. एकट्या माणसाला ते पेलण्यासारखं नाही. चौथीची पाकिटं सगळ्यात खाली होती, म्हणून फळीही खालूनच सैल केली."

"पण गेलं तर काहीच नाही!"

"एक पाकीट गेलं आणि एक आलं. म्हणून मोजणी जुळली." बाईंनी टेबलावर फुगलेलं पाकीट ठेवलं. "खाऊकाका, खारूताईचं पाकीट कसं होतं म्हणालात?"

"चपटं," खाऊकाका म्हणाले. मग पाकिटाकडे बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, हे तर ताजं आहे!"

"जुनं विटकं पाकीट नेऊन कुणीतरी तसंच नवं विकत आणून ठेवलं. चिठ्ठी काढताना फाटली, म्हणून पट्टी लावली. त्या पट्टीचे दोरे मी रोज बोटांत गुंडाळते. पहाटे बस काढायला फाटकाची किल्ली एकाच माणसाकडे असते. आणि आज बस उशिरा आली." त्या वळल्या. आवाज अगदी हळू झाला. "बाळ, ते पाकीट कुणासाठी आणलं होतंस?"

बसकाका खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "तिच्यासाठी."

खाऊकाकांनी हात पुसणं थांबवलं.

"मूत्रपिंडं गेली होती तिची. डॉक्टर म्हणाले, मीठ बंद. महिनोन् महिने अळणी खात होती बिचारी. शेवटी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कुणीतरी वेफर्स खात होतं. ती म्हणाली, दोन तरी द्या हो, नुसती चव बघते. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, मरायचंय का तुला? घरी आलीस की देईन. त्याच संध्याकाळी पाकीट आणलं आणि कपाटावर ठेवलं. घरी आली की डॉक्टरांना विचारून दोन देणार होतो. आली नाही ती."

"अरे, पण मागायचं होतंस ना!" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"काय मागू, बाई? माझ्या पोरीने सगळ्या शाळेसमोर टाळ्या घेतल्या. तिला सांगू, तू टाकलंस ते मला परत हवंय? आणि जागा रिकामी कशी ठेवू? उद्या ती आपलं पाकीट शोधणार."

"आणि माझी भाकरी जात होती, ती?" खाऊकाका म्हणाले.

बसकाकाने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "सकाळपासून दोनदा या दारापर्यंत आलो, काका. पाय उचलेना. चुकलो."

"गाढवा." खाऊकाकांनी गळ्यातली दोरी बाहेर ओढली. "ही किल्ली होती माझ्याकडे! एका शब्दाने मागितली असतीस तर मीच काढून दिलं असतं. कारण नसतं विचारलं."

मुख्याध्यापिका बाईंनी समितीसाठी लिहिलेला कागद उचलून चुरगळला. "खाऊकाका, मला माफ करा," त्या म्हणाल्या. "कपाट पडलं, एवढंच सांगेन मी सगळ्यांना."

"अजून एक राहिलंय," जुन्या बाई म्हणाल्या. "पोरीला वाटलं असेल घरातला कचरा गेला, असं समजतोस ना तू?"

त्यांनी दार उघडलं. बाहेर बाकावर खारूताई बसली होती.

"बाळा, ते पाकीट का बदलून घेतलंस, तेवढं बाबांना सांग."

खारूताईने बापाकडे पाहिलं. रागावला नाही ना, याचा अंदाज घेतला.

"तुम्ही रोज रात्री ते खाली काढून बघता," ती म्हणाली. "आणि मग जेवत नाही. मी झोपलेय असं तुम्हाला वाटतं. इथे लिहिलं होतं, वाईट दिलं की चांगलं मिळतं. म्हणून दिलं. डबी त्याच जागी ठेवली." जरा थांबून ती म्हणाली, "पण तुम्ही ती उघडलीच नाही."

बसकाका तिच्यासमोर येऊन खाली बसला.

*

शाळा सुटली. मुलं आरडाओरडा करत बसमध्ये चढली. जुन्या बाई आपल्या सीटवर बसल्या. आज खारूताईही त्यांच्याशेजारी होती. काचेखालच्या जागेत, स्टिअरिंगच्या पुढे, ते चपटं पाकीट ठेवलेलं होतं. खाऊकाकांनी मुद्दाम येऊन ते तिथे नीट टेकवून दिलं होतं आणि जाता जाता खारूताईच्या हातात एक नवी डबी ठेवली होती.

तिने झाकण काढलं आणि हात सीटवरून पुढे केला.

"दोन तरी घ्या, बाबा."

किल्ली फिरवायला गेलेला त्याचा हात थांबला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. हात तेवढा मागे केला, डबीतले दोन शेंगदाणे घेतले आणि तोंडात टाकले.

ते चावायला त्याला फार वेळ लागला. मागून मुलं ओरडू लागली, "काका, चला ना! काका, उशीर होतोय!"

जुन्या बाईंनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. मग पट्टीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत त्या बस सुरू व्हायची वाट बघत बसल्या.