पाठीवाला

मोनालीला उंदरांची भीती कधी वाटली नाही. भिलाईच्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात तिचं संशोधन चालू होतं. पांढऱ्या उंदरांना चरबीचं खाणं घालायचं, लिव्हर सुजलं की औषध द्यायचं, आणि शेवटी उंदीर मारून औषध लागू पडलं का ते बघायचं. उंदीर सगळे सारखेच, म्हणून ती ब्रशनं पिवळी खूण करी. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. नाव कुणालाच द्यायचं नाही. नाव दिलं की हात अडखळतो.

"उद्या पाठीवाला मारायला घेऊ," तिच्या गाईड विजया मॅडम म्हणाल्या. पाठीवाला खात नव्हता, पोट फुगवून भुशात पडून होता.

ती रुआबांधा वसाहतीतल्या क्वार्टरवर घरी आली तेव्हा बाबा उघड्या अंगानं खाटेवर बसले होते. बाबा, म्हणजे प्रेमानंद, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. दारूला कधी शिवले नाहीत, तरी लिव्हरनं दगा दिला. त्यांच्यासाठीच तर ती या कामात पडली होती.

"पाठ खाजून राहिली, जरा पाहून दे बरं."

पाठीवर पिवळा पट्टा होता. कावीळ अशी पट्ट्यानं येत नाही. आपलाच रंगाचा हात लागला असेल, असं म्हणून तिनं साबणानं घासलं. निघेना. वर दोन फटकारे, खाली एक. ती उंदराच्या पाठीवर ब्रशनं मारायची तसेच.

"डोळा लागला की भुशाचा वास येते," बाबा हळूच म्हणाले. "वरचं झाकण उघडते... अन् हात आत येते. तुह्यासारखाच."

मनी वसे ते स्वप्नी दिसे, तिनं स्वतःला समजावलं. रोज उंदरांच्याच गोष्टी ऐकतात बिचारे!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पिंजरा उघडला. पाठीवाला मान वर करून तिच्याकडेच बघत होता. तिनं शेपटीवाल्याला उचललं.

"पाठीवाला कावून नाही?" मॅडमनी विचारलं.

"त्याले आणखी थोडे दिवस ठेवू, मॅडम."

मॅडमनी मान डोलावली. शेपटीवाला फार धडपडला नाही. काम नीट पार पडलं.

ती धावतच घरी आली. बाबा बनियन घालून वरणभात खात होते, तेही मागून घेऊन. तिनं मागून बनियन वर केली. पाठ साफ होती. मोनालीच्या जिवात जीव आला, आणि ती तिथेच ढसाढसा रडली.

बाबांनी घास खाली ठेवला.

"दुसऱ्याले उचललं ना तू?"

तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"मी वाचलो, बरं झालं," बाबा दाराबाहेर, शेजारच्या क्वार्टरांकडे बघत म्हणाले. "पण कोणाचा बाप होता वं तो...?"